नऊ ठिपक्यांचा झगा

दीपराणीचा झगा सापडला असं मी सांगितलं, तेव्हा अण्णांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तो जळाला."

"जळाला नाही अण्णा. शेवगावच्या पुढं एका गावात आहे. मोबाईलवर फोटो आलाय. हा बघा."

त्यांनी फोटो बघितला नाही. चष्मा कपाळावर होता, तो तिथंच राहू दिला. "आठ कपडे पुरे झाले. रविवारी कार्यक्रम आहे, उगाच धावपळ करू नकोस," एवढं बोलून ते आत जाऊन पडले.

मला रागच आला. ज्या माणसाच्या कौतुकासाठी मी अकरा वर्षं गावोगाव वणवण केली, तोच म्हणतो आठ पुरे. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. पण त्या गुरुवारी मला वाटलं की माझं काही चुकत नाहीये.

आमचे अण्णा टेलर. नगरात त्यांचं छोटं दुकान होतं, शाळांचे गणवेश आणि पॅंट-शर्ट शिवायचे. मी चौथीत होते तेव्हा मुलांचा एक सिनेमा आमच्या जिल्ह्यात तयार झाला, दिवाळीच्या सुट्टीत लागायचा म्हणून. गोष्ट अशी होती की अंधाराचा राजा गावातले सगळे दिवे पळवून नेतो आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी एक मुलगी ते परत आणायला निघते. सिनेमावाल्यांनी कोल्हारला प्रवरेच्या काठावर मुक्काम ठोकला होता. मुंबईहून यायचे ते कपडे आलेच नाहीत. मग कुणीतरी अण्णांचं दुकान दाखवलं, आणि दीड महिन्यात त्यांनी नऊ पोशाख तयार करून दिले. अंधारराजाचा काळ्या घोंगडीचा अंगरखा, घुबडांची तीन जाकिटं, काजव्यांची दोन अंगडी, वाऱ्याचा पायघोळ डगला, वेशीवरच्या रखवालदाराचा कोट आणि दीपराणीचा झगा.

सिनेमा फार चालला नाही, पण कपड्यांचं नाव झालं. पेपरात अण्णांचा फोटो आला, गळ्यात टेप आणि मागं दोरीवर टांगलेली घुबडांची जाकिटं. तो फोटो चौकट करून आमच्या बैठकीत लावलेला आहे. मी त्या फोटोखाली लहानाची मोठी झाले आणि पुढं शिवणक्लास काढला तोही त्याच भिंतीला टेकून. क्लासला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी मी तो फोटो दाखवते. म्हणजे दाखवायची.

शूटिंग संपल्यावर ते गाठोडं सिनेमावाले आमच्याच दुकानात टाकून गेले होते, आणि अण्णांनी ज्यानं मागितला त्याला एकेक कपडा देऊन टाकला. मला त्यांची किंमत कळायला लागली तेव्हा घरात त्यातली एक चिंधीही नव्हती. मग मी शोधायला सुरुवात केली. अंधारराजाचा अंगरखा कोल्हारलाच एका शेतकऱ्याकडं मिळाला. थंडीच्या दिवसांत त्यांच्या घरातलं सगळ्यात उबदार पांघरूण तेच होतं आणि ते देताना त्यांची सून माझ्याशी भांडली. घुबडाचं एक जाकीट शेवगावच्या शाळेतल्या कपाटातून काढलं, तिथं गॅदरिंगला त्याचा कोंबडा व्हायचा. रखवालदाराचा कोट कर्जतला एक बॅंडवाला लग्नात घालून ट्रंपेट वाजवत होता. वाऱ्याचा पायघोळ तर पोळ्याच्या दिवशी एका बैलाच्या पाठीवर दिसला! बैलाची मिरवणूक संपेपर्यंत मी मागंमागं चालले.

खरा कपडा ओळखायची खूण मला माहीत होती. सिनेमानंतर शाळाशाळांनी त्याच्या नकला शिवून घेतल्या होत्या, पण अस्सल कपड्याच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे ठिपके असत. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे आठापर्यंतचे माझ्याकडे आले होते. नऊ ठिपक्यांचा तेवढा राहिला होता.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती आणि ती सांगितली पाहिजे. त्यातल्या बहुतेक कपड्यांची तुरपाई उलटी होती. उजव्या हातानं शिवणाऱ्याचा टाका एका अंगाला कलतो, हे टाके दुसऱ्या अंगाला कललेले होते. क्लासमध्ये एखाद्या डावऱ्या मुलीची तुरपाई मी दुरून ओळखते. अण्णा डावरे नाहीत. पण मी मनाची समजूत काढली की कापड जड असणार, त्यांनी ते फिरवून घेऊन शिवलं असणार. अकरा वर्षं मी आठ कपडे उलटेपालटे करत होते आणि दरवेळी हीच समजूत काढत होते. कपडा घरी आणला की अण्णा गप्प व्हायचे, जेवायचे नाहीत नीट. त्यांना भरून येतं असं मी सगळ्यांना सांगायची.

यंदा गावातल्या एका वाचनालयानं दिवाळीनिमित्त त्या कपड्यांचं प्रदर्शन आणि अण्णांचा सत्कार ठरवला. अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि गुरुवारी झग्याचा फोटो आला.

शुक्रवारी सकाळी निघायला म्हणून दारात आले तर माझ्या चपला जागेवर नाहीत. सगळं घर पालथं घातलं. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं लेकीच्या चपला लपवाव्यात, याच्यावर हसावं की रडावं मला कळेना. मी न्हाणीघरातल्या रबरी सपाता घातल्या आणि तशीच एसटी स्टँडवर गेले. सबंध रस्ताभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

घर गावाच्या कडेला होतं, पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण. सगळे कापूस वेचायला गेलेले. एक म्हातारी ओट्यावर बसून नातवाच्या शर्टाला बटण लावत होती. सुई तिच्या डाव्या हातात होती.

"मास्तरांची पोर ना तू?" ती म्हणाली. "नाक तसंच हाय. बस."

मला आधी ओळख पटेना. मग आठवलं. काज-बटणाच्या मावशी. आमच्या मागच्या दाराशी गोणपाटावर बसलेली एक बाई, मान खाली, मांडीवर कपडा. मी शाळेतून आले की दप्तर तिच्या अंगावरून आत फेकायची. विसरले होते असं म्हणता येणार नाही, कारण मी तिला कधी लक्षातच ठेवलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं, प्रदर्शन, अण्णा, रविवार. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि आतून पत्र्याच्या पेटीतला झगा आणून माझ्या मांडीवर ठेवला. पिवळ्या मलमलीच्या निमुळत्या पट्ट्यांच्या कळ्या आणि खालच्या घेराला बोटाच्या पेराएवढ्या कापडी पणत्या, प्रत्येक पणती वेगळ्या चिंधीची. एवढ्या वर्षांत एक टाका उसवलेला नव्हता. मी कॉलर उलटी केली. नऊ ठिपके होते. मग मी घेर उलटा केला. टाके दुसऱ्या अंगाला कललेले होते, आणि तिच्या डाव्या हातातली सुई मी आधीच बघितली होती.

"मावशी, हे ठिपके कशाला? आकडे का नाही घातले?"

"आकडं कुठं येत हुतं मला. पयला जाला की एक टाका, दुसरा जाला की दोन."

"म्हणजे अण्णांनी बेतायचं, कापायचं, आणि तुम्ही तुरपाई करायची. असंच ना?" हे मी असं विचारलं की तिनं फक्त हो म्हणावं.

"मास्तर पॅंट लई झाक कापायचे. पर घुबड कसं कापायचं त्यांला उमगंना. तीन दिस डोस्कं धरून बसले. मंग म्या घरून जुनी घोंगडी नेली, जिमिनीवर हातरली आन कातर लावली. तुज्या आईनं बगितलंय, ती आसती तर इचारलं आसतंस."

आई जाऊन सहा वर्षं झालीत. खरं सांगायचं तर मी त्या क्षणी अण्णांवर चिडले नाही, तिच्यावर चिडले. इतकी वर्षं गप्प बसली होती तर आणखी चार दिवस बसायला काय झालं होतं, असंही मनात आलं. याची मला आज लाज वाटते.

"पेपरात फोटो आला तवा म्या म्हन्ले, मास्तर, माजंबी नाव सांगा की. त्ये म्हन्ले, पुढच्या बारीला सांगू. पुढची बारी कुठली यायला? मंग म्या ह्यो झगा उचलला आन गावाकडं निगून आले."

"झगा प्रदर्शनाला द्याल का?"

"दीन की. पर माज्या नावाची पाटी लावायची. जे म्या शिवलं त्येच्यावर माजं नाव. दुसरं मला काय बी नगं."

"लावीन," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले मी ते!

"आन झगा तू न्येयाचा न्हाई. म्या सवता घिऊन यीन रविवारी."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली, तरी मी अर्धा रस्ता उभीच होते. बसलं की डोकं चालायला लागायचं. तिच्या नावाची पाटी लावायची तर अण्णांच्या सत्काराचं काय करायचं? पत्रिकेवर अण्णांचं नाव होतं, शालीबरोबर द्यायच्या मानपत्रात अण्णांचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, तेही होतंच. नगर येईपर्यंत मी ठरवून टाकलं की घरात आधी विचारायचं.

विचारलं शनिवारी सकाळी. ते दाढी करत होते.

"अण्णा, ते कपडे तुम्हीच शिवले होते ना?"

आरशातून त्यांनी माझ्याकडं बघितलं. वस्तरा गालावरच थांबला. "दुकान माझं होतं," ते म्हणाले आणि परत दाढी करायला लागले. गाल कापला होता, फेसाला लाल रंग आला, तरी ते फिरवतच राहिले. मी पुढं झाले नाही.

दुपारी प्रेसवाल्याचा फोन आला. कपड्यांखाली लावायची नऊ कार्डं तयार होती, शेवटचा मजकूर वाचून दाखवतो म्हणाला. पोशाखाचं नाव आणि खाली 'निर्मिती' म्हणून अण्णांचं नाव, नऊही कार्डांवर. "ताई, काही बदल?" त्यानं विचारलं. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा. मी म्हणाले, "छापा."

रविवारी अकराचा कार्यक्रम. दहालाच आम्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये होतो. आठ कपडे उभ्या दांड्यांवर चढवलेले, नववी दांडी रिकामी. तिच्याखालचं कार्ड मात्र लावलेलं होतं. अण्णा पहिल्या रांगेत खुर्चीवर, परीटघडीचा सदरा घालून, गालावर पट्टी. मी दर दोन मिनिटांनी दाराकडं बघत होते. ती येऊ नये असं मला वाटत होतं. झगा हवा होता आणि ती नको होती.

सव्वादहाला ती आली. नवं लुगडं, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला झगा. ती सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, बरं हाय का?"

"बरं आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. तिच्या चपलांकडंच बघत होते.

तिनं स्वतःच्या हातानं झगा दांडीवर चढवला. खांदे सारखे केले, घेर झटकला, एकेक पणती सरळ केली. मग ती खाली वाकली आणि कार्डावर बोट ठेवून मला म्हणाली, "काय लिवलंय? वाच."

दोन हातांच्या अंतरावर अण्णा बसलेले. त्यांच्या मागं वाचनालयाचे अध्यक्ष हार मोजत होते. मी कार्डाकडं बघितलं आणि वाचलं, "दीपराणीचा झगा. निर्मिती," आणि पुढं तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. आवाज अगदी सहज काढला.

तिचं बोट त्या अक्षरांवरून सावकाश डावीकडून उजवीकडं गेलं, शेवटपर्यंत.

"बचत गटात सही शिकिवली मला," ती म्हणाली. "माजं नाव मला लिवता येतं पोरी. हितं त्ये न्हाई."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तिनं आवाज चढवला नाही, रडली नाही. सरळ उभी राहिली आणि झग्याची मागची बटणं काढायला लागली.

"मावशी, थांबा. पाहुणे फाटकात आलेत. आजचा दिवस जाऊ द्या, उद्या मी सगळी कार्डं बदलते. शपथ."

"पुढच्या बारीला व्हय?" ती म्हणाली. बटणं काढायचं तिनं थांबवलं नाही.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते आणि ओठ हलत होते. "तुला म्हणलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणलं होतं, नको गोळा करूस."

अकरा वर्षं मी ज्याला भरून येणं म्हणत होते ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक कपडा मी घरी आणत होते आणि ते एकेक पाऊल मागं सरत होते. मला त्यांची दया आली आणि तितकाच संतापही आला. संताप जास्त होता. अभिप्राय लिहायच्या वहीजवळ जाड मार्करचं पेन पडलं होतं ते मी उचललं, झग्याच्या कार्डासमोर उकिडवी बसले आणि अण्णांच्या नावावर आडवी रेघ मारली. खाली तिचं नाव लिहिलं. तिनं वाकून एकेक अक्षर तपासलं. मग उघडलेली बटणं परत लावायला लागली.

मी तिथं थांबले नाही. अंधारराजाच्या अंगरख्याचं कार्ड घेतलं, रेघ मारली, नाव लिहिलं. मग घुबडं घेतली. "अहो ताई, हे काय करताय?" अध्यक्ष धावत आले. "थांबा हो जरा," मी असं ओरडले की ते हार घेऊन तिथंच उभे राहिले. पाहुणे आत यायला लागले होते. मार्करचा करकर आवाज येत होता. काजव्यांची दोन झाली, वाऱ्याचा झाला. हात मला थांबवता येत नव्हता. शेवटी रखवालदाराच्या कोटाशी आले आणि पेन टेकवलं.

"तो राहू दे."

अण्णा उठून उभे होते. काठी खुर्चीलाच राहिली होती. त्यांचा तोल जातोय असं वाटून अध्यक्ष पुढं झाले, तर त्यांनी त्यांचा हात झटकला.

"तेवढा राहू दे," ते म्हणाले. "तो मी शिवलाय."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मी मावशींकडं बघितलं, खरं आहे का म्हणून. आणि मी तसं बघितलेलं अण्णांनी बघितलं.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "त्यो मास्तरांचाच हाय."

मी पेनाला टोपण लावलं.